फोनची तारीख आणि फॉर्मची तारीख

(महाराष्ट्राबाहेर शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या रविवारी बैठक संपल्यावर आपल्यातल्या एका मित्राने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "दादा, फोनची स्क्रीन गेलीय. खालच्या अर्ध्या भागाला टच लागत नाही. पण दोन महिन्यांनी नवीन मॉडेल येतंय म्हणतात. तोवर थांबू का? आणि फोन घेतला की कार्डपण पोर्ट करून टाकू का? हॉस्टेलवर आपल्या कार्डाला रेंजच नाही."

मी उत्तर देऊ लागलो, तोवर सात-आठ जण भोवती जमले. सगळ्यांचं दुखणं थोड्याफार फरकाने तेच होतं. म्हणून आज ठरवलं, यावरच बोलू.

कुणाला वाटेल, या बैठकीत आपण संविधानावर बोलतो, आरक्षणावर बोलतो, तिथे मोबाइलचं काय? पण ज्याच्या घरात लॅपटॉप आहे, वडिलांचा दुसरा फोन आहे, वायफाय आहे, त्याच्यासाठी फोन घेणं ही हौस असते. तो दोन महिने थांबला तर त्याचं काही अडत नाही. आपल्यातल्या बहुतेकांचा फोन हाच कॉम्प्युटर, हीच बँक, हीच लायब्ररी. शिष्यवृत्तीचा ओटीपी त्याच्यावरच येतो, हॉल तिकीट त्याच्यावरच उतरवायचं. त्यामुळे "थांबू का?" हा प्रश्न तोच असला तरी थांबण्याची किंमत सारखी नसते. आज मला एवढंच सांगायचं आहे.

आधी थोडे आकडे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 75 व्या फेरीत, म्हणजे 2017-18 साली, देशातल्या 23.8 टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. शहरात 42 टक्के, खेड्यात 14.9 टक्के. त्यानंतर कोरोना आला आणि शाळा-कॉलेजं फोनवर गेली. ऑगस्ट 2021 मध्ये 15 राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमधल्या सुमारे 1400 मुलांची पाहणी झाली. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा वगैरे मंडळी त्यात होती. त्यात आढळलं की खेड्यातल्या दलित-आदिवासी मुलांपैकी फक्त 4 टक्के नियमित ऑनलाइन शिकत होती. खेड्यातल्या इतर मुलांत हेच प्रमाण 15 टक्के होतं. गाव तेच, महामारी तीच, गरिबीही बऱ्यापैकी तीच. तरी जवळजवळ चौपट फरक. जात नेटवरही आपली जागा धरून बसते, ती अशी.

त्याच वर्षी काय झालं ते आठवा. 24 जून 2021 रोजी रिलायन्सने गूगलच्या साथीने जिओफोन नेक्स्ट जाहीर केला. अतिशय स्वस्त 4जी स्मार्टफोन येणार, 10 सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर मिळणार, असं सांगितलं गेलं. किंमत सांगितली नव्हती, त्यामुळे अंदाजांना ऊत आला. चतुर्थी आली तेव्हा कंपनीने जगभरातल्या चिपच्या तुटवड्याचं कारण दिलं आणि तारीख दिवाळीवर नेली. फोन शेवटी 4 नोव्हेंबरला विक्रीला आला. घोषणेपासून 133 दिवसांनी.

आता या तारखेशेजारी आपल्याकडची तारीख ठेवा. महाराष्ट्रात ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे आणि शहरातले आठवी ते बारावीचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 पासून सुरू झाले. कॉलेजं 20 ऑक्टोबरपासून. म्हणजे ज्या बापाने "दोन महिने थांब, स्वस्त फोन येतोय" म्हणून पोराला थांबवलं असेल, त्याच्या हातात फोन पडायच्या महिनाभर आधीच शाळेची घंटा वाजली होती. ज्या कामासाठी फोन हवा होता, ते काम त्याच्याशिवायच निघून गेलं.

आणि किंमत? रोख 6,499 रुपये. त्याच्या आसपासच्या किमतीचे दुसऱ्या कंपन्यांचे फोन दुकानात आधीपासून होतेच. हप्त्यावर घ्यायचा तर आधी 1,999 रुपये, वर 501 रुपये प्रोसेसिंग फी, आणि सगळ्यात छोट्या प्लॅनमध्ये 24 महिने 300 रुपये. बेरीज करा. 9,700 रुपये होतात. त्या हप्त्यातच महिन्याचा 5 जीबी डेटा आणि 100 मिनिटांचं बोलणं धरलेलं होतं, हेही सांगायला हवं. पण महिन्याला 5 जीबी म्हणजे दिवसाला जेमतेम 170 एमबी. व्हिडिओवरचा एक तासही त्यात नीट बसत नाही. जास्त डेटा हवा तर हप्ता आणखी मोठा.

फोन वाईट होता किंवा कुणी फसवलं, असं मी म्हणत नाही. कंपनी आपल्या सोयीने तारीख ठरवते आणि आपल्या अडचणीने ती पुढे ढकलते. धंदा असाच चालतो. चूक होते ती आपण तिची तारीख आपली मानतो तेव्हा.

म्हणून पहिली गोष्ट. नवीन फोन कधी येणार हे विचारण्याआधी स्वतःला विचारा, माझं काम कधी आहे? कागदावर दोन तारखा लिहा. एक फोनची, एक फॉर्मची. फॉर्मची तारीख, परीक्षेची तारीख, फेलोशिपच्या मुलाखतीची तारीख आधी येत असेल तर थांबायचं नाही. मग तीन वाटा असतात. हाच फोन दुरुस्त करायचा, आज दुकानात आहे तो घ्यायचा, किंवा ओळखीच्या माणसाचा वापरलेला, बिलासकट घ्यायचा. आणि फॉर्मची तारीख लांब असेल, फोन धड चालत असेल, तर खुशाल थांबा. नवं मॉडेल आलं की जुन्याची किंमत बऱ्याचदा उतरते. थांबण्यात काही पाप नाही. फक्त ते थांबणं आपण ठरवलेलं हवं.

दुसरी गोष्ट, फोन आणि कार्ड यांचा विचार एकत्र करा. उदाहरण देतो. नोव्हेंबर 2024 मध्ये रेडमी ए4 5जी आला. साडेआठ हजारांच्या आत 5जी फोन, म्हणून गाजला. पण तो फक्त स्टँडअलोन प्रकारच्या 5जीवर चालणारा होता. जिओचं 5जी त्या प्रकारचं आहे. एअरटेलचं 5जी तेव्हा नॉन-स्टँडअलोन प्रकारचं होतं. म्हणजे एअरटेलचं कार्ड टाकलं की फोन 4जीवरच. डब्यावर मोठ्या अक्षरांत 5जी लिहिलेलं असतं, ही गोष्ट बारीक अक्षरांत असते. दुकानदाराला सरळ विचारा, "माझ्या कार्डावर यात काय काय चालेल?" आणि आपलंच कार्ड टाकून दाखवायला सांगा.

तिसरी गोष्ट, पोर्ट करायचं का? जुलै 2024 मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी रिचार्ज महाग केले. बीएसएनएलने केले नाहीत. त्या एका महिन्यात बीएसएनएलचे सुमारे 29 लाख ग्राहक वाढले. पुढे काही महिन्यांतच हा ओघ आटला. स्वस्त रिचार्ज कुणाला नको? पण घरात रेंज नसेल तर स्वस्त रिचार्जही वायाच जातो. म्हणून पोर्ट करण्याआधी त्या कंपनीचं एक साधं प्रीपेड कार्ड घ्या किंवा मित्राचं आठवडाभर वापरून बघा. हॉस्टेलच्या खोलीत, लायब्ररीत, आणि सुट्टीत गावी गेलात की आपल्या वस्तीत. गावात टॉवर असतो, पण रेंज वस्तीपर्यंत येतेच असं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

पटलं तर पद्धत सोपी आहे. मेसेजमध्ये इंग्रजीत 'पोर्ट', मग एक जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि 1900 वर पाठवायचा. आठ अक्षर-अंकांचा एक कोड येतो, तो साधारण चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या सेंटरवर जायचं. तुमचं कार्ड महाराष्ट्रातलं आणि तुम्ही दिल्लीत किंवा हैदराबादेत असाल तरी चालतं. 3 जुलै 2015 पासून राज्य ओलांडूनही नंबर तोच राहतो. फक्त चार गोष्टी ध्यानात ठेवा. सध्याच्या कंपनीत 90 दिवस पूर्ण झालेले हवेत. नव्या कंपनीत गेल्यावर पुन्हा 90 दिवस हलता येत नाही. शिल्लक रिचार्ज बुडतो, म्हणून तो संपत आल्यावरच पोर्ट करा. आणि मधे काही तास कार्ड बंद राहतं, त्यामुळे फॉर्मच्या शेवटच्या आठवड्यात हे काम काढू नका. तो कोड कुणाला फोनवर सांगू नका. तो तुमच्या नंबराची किल्ली आहे.

आता चौथी गोष्ट. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी. फोन बदलता येतो, कंपनी बदलता येते. पण नंबर कुणाचा आहे?

माझं सांगतो. बारावीनंतर माझा शिष्यवृत्तीचा पहिला फॉर्म तालुक्याच्या एका दुकानात भरला. घरात फोन नव्हता, दुकानदाराने स्वतःचा नंबर टाकला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट उपकारच वाटले. पुढे दोन वर्षं प्रत्येक वेळी त्या दुकानाच्या पायरीवर उभं राहायचो. "काका, मेसेज आला का?" गिऱ्हाईक असलं की ते म्हणायचे, "थांब जरा." एकदा फॉर्ममध्ये त्रुटी निघाली, मेसेज त्यांच्या फोनवर आला, त्यांनी पाहिला नाही. दुरुस्तीची मुदत गेली आणि त्या वर्षाचे पैसेही गेले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण माझ्या हक्काचा निरोप दुसऱ्याच्या खिशात जात होता. ज्या पायऱ्यांवर माझा आजा उभा राहायचा, तिथे मी वेगळ्या कारणाने उभा होतो, एवढाच फरक.

तुमच्यातले कितीजण छातीवर हात ठेवून सांगतील, की तुमचं कार्ड तुमच्या नावावर आहे? कुणाचं मामाच्या नावावर असतं, कुणाचं मालकाच्या, कुणाचं गावातल्या दुकानदाराच्या. आधारला भलताच नंबर, बँकेला तिसराच. सरकारचं संचार साथी नावाचं पोर्टल आहे. तिथे आपल्या नावावर कोणकोणते नंबर आहेत ते दिसतं. आज रात्री बघा. तुमचा नंबर त्या यादीत नसेल तर तो तुमचा नाही. तो पोर्टही तुम्हाला करता येणार नाही, ज्याच्या नावावर आहे त्यालाच यावं लागेल. त्याच्या संमतीने आधी नावावर करून घ्या. ते जमत नसेल तर स्वतःच्या नावाचं कार्ड घ्या, आणि जुनं चालू आहे तोवरच आधार, बँक, कॉलेज, शिष्यवृत्ती असं एकेक ठिकाणी बदलून घ्या. आधारचा नंबर केंद्रावर जाऊन बदलता येतो.

आणि नंबर मरू देऊ नका. ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रीपेड कार्ड 90 दिवस अजिबात वापरलं नाही तर बंद होऊ शकतं. खात्यात 20 रुपये असले तर ते कापून आणखी 30 दिवस मिळतात. बंद झालेला नंबर निदान 90 दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर देऊ शकतात. मग तुमच्या नावाचे मेसेज भलत्याच माणसाकडे. घरी आईकडे साधा फोन असेल तर तिच्यासाठी नुसत्या बोलण्याचा रिचार्ज विचारा. डेटा न लागणाऱ्यांसाठी असे वेगळे रिचार्ज ठेवणं ट्रायने डिसेंबर 2024 च्या दुरुस्तीने कंपन्यांवर बंधनकारक केलं आहे. दुकानदार आपणहून दाखवेलच असं नाही. मागावं लागतं.

आपल्या मित्राचं काय झालं ते सांगून थांबतो. आम्ही कागदावर तारखा लिहिल्या. नवा फोन दोन महिन्यांनी, त्याच्या फेलोशिपचा फॉर्म तीन आठवड्यांनी. त्याने रिपेअरिंगच्या दुकानातून डिस्प्ले बदलून घेतला. मग कार्ड पाहिलं, तर ते गावातल्या एका माणसाच्या नावावर निघालं. त्याला ते माहीतच नव्हतं. पोर्टचा विचार बाजूला राहिला. परवा त्याने स्वतःच्या नावाचं कार्ड घेतलं, हॉस्टेलवर ज्याला रेंज आहे त्या कंपनीचं. काल आधार केंद्रावर जाऊन आला. नवीन मॉडेल येईल तेव्हा बघू म्हणाला.

पुढच्या रविवारी येताना प्रत्येकाने आपल्या घरातल्या एका माणसाचा नंबर तपासून या. आईचा, बहिणीचा, कुणाचाही. कुणाच्या नावावर आहे आणि कुठे कुठे जोडलेला आहे, एवढं लिहून आणा. ज्यांचं अडलं असेल त्यांचं आपण मिळून सोडवू.

जय भीम.