विमानाच्या नाकाखालचे चाक



इस्पितळातील ढकलगाडीचे एखादे चाक वेग वाढताच डावी-उजवीकडे थडथडू लागते, हे आपण पाहिलेच असेल. लहान विमान उतरताना त्याच्या नाकाखालचे चाक कधी कधी असेच थडथडते. वैमानिक याला ‘शिमी’ म्हणतात.

१९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, त्या पस मॉथ विमानाचे तिसरे टेकण शेपटीखाली होते. १९५६ पासून विक्रीस आलेल्या सेसना १७२ मध्ये तिसरे चाक नाकाखाली आहे. त्यामुळे उतरणे सोपे झाले खरे; परंतु दिशा बदलण्यासाठी हे चाक वळावे लागते, आणि जे वळते ते थरथरूही शकते. म्हणून त्याला तेल भरलेली नळी आणि दट्ट्या जोडतात. सावकाश वळणाला तो वाट देतो, वेगवान झटके मात्र गिळून टाकतो. तेल गळाले, सांधे झिजले किंवा चाकाचा तोल बिघडला, की थरथर सुरू झालीच.

मग वैमानिकाने काय करावे? वेग बेताचा ठेवून आधी मागची दोन चाके टेकवावी. दांडा मागे धरून नाक उचललेले ठेवावे, आणि ते धपकन पडण्यापूर्वी हलकेच खाली आणावे. तरीही थरथर झाली, तर दांडा मागे घेऊन पुढचा भार हलका करावा. घाबरून जोरात ब्रेक दाबला, तर भार पुढेच येतो आणि दुखणे वाढते.

आम्ही शिकाऊ असताना हा प्रसंग आमच्यावर आला. दांडा मागे घेताच थरथर थांबली. त्या आनंदात आम्ही नोंदवहीत काही लिहिलेच नाही! दुसऱ्या दिवशी आमच्याहून नवखा विद्यार्थी तेच विमान घेऊन एकटा उडाला. तो उतरेपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला होता. तो सुखरूप उतरला; मागाहून तपासले, तो नळीत तेल जवळजवळ नव्हतेच.

कौशल्याने दोष झाकता येतो, दुरुस्त करता येत नाही. आपण निभावून नेलेली अडचण मागून येणाऱ्याला सांगणे, हाही उतरण्याचाच एक भाग आहे.