संगणकाची किल्ली कोणाकडे?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



पंचवीस वर्षांपूर्वी इथं नुसती काळी माती होती, टँकर यायचा. त्या आठवणी इतर मंडळी सांगतीलच. माझी सगळी नोकरी धुळे जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. म्हणून मी शाळेबद्दल बोलतो आणि शेवटी एक मागणी करतो.

एका गावी आमच्या शाळेला संगणक मिळाला. वर प्लास्टिकचं आवरण, खोलीला कुलूप. बिघडला तर जबाबदार कोण? किल्ली माझ्याकडे होती. मुलं खिडकीतून बघायची. आज कबूल करतो, वर्षभर ते कुलूप मीच काढलं नाही.

एकदा पालकसभेला एक माय कापूस वेचून थेट शेतातून आली. पोराने हट्ट धरला म्हणून खोली उघडली. ती म्हणाली, "गुरुजी, मन्हं नाव येस का यामा?" पोराने एकेक अक्षर शोधून तिचं नाव टाईप केलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती पडद्याकडे बघतच राहिली. त्या दिवसापासून कुलूप लावलं नाही. दोन माऊस तुटले, बाकी काही नुकसान झालं नाही.

आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. सोपानदेवांनी गाणी उतरवून घेतली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. लेकरू शिकलं की मायचं काम होतं, ते असं.

पुढे २०१५ नंतर धुळे जिल्ह्याने मोठं काम करून दाखवलं. मूळचे धुळ्याचे, न्यूयॉर्कला नोकरी करणारे हर्षल विभांडिक गावोगावी सभा घ्यायचे. मोठा वाटा गावाने लोकवर्गणीतून उचलायचा, उरलेला भार ते उचलायचे. अशा रीतीने जिल्हा परिषदेच्या ११०० च्या वर शाळा डिजिटल झाल्या. ज्या गावाने स्वतः पैसे घातले, ते गाव विचारतं, "गुरुजी, मशीन चालू आहे ना?"

आणि गरज फक्त पोरांची नाही. २०१७ ला कर्जमाफीचा अर्ज ऑनलाइन होता, शेतकरी केंद्रांपुढे रांगा लावून बसले. सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्ती, सगळं तिथंच. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आपली नातवंडं लॅपटॉपसमोर बसली. आपल्याकडे धुणी-भांडी करणाऱ्या ताईंच्या घरी एकच फोन, तोही नवऱ्याबरोबर कामावर जायचा. मुलीचं वर्ष तसंच गेलं. आपण रोज तिच्या आईच्या हातचा चहा पीत होतो, पण कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आता मागणी. आपल्या कार्यालयाच्या वरची खोली महिन्यातून एकदा, मीटिंगपुरती उघडते. घराघरांत जुने संगणक माळ्यावर पडलेत. आपली बँकेची माहिती पुसून ते द्या. एसएसडी टाकली तर जुनं मशीनसुद्धा पळतं. दोन जवळच्या शाळेला देऊ, दोन वरच्या खोलीत ठेवू. संध्याकाळी सहा ते आठ वॉचमनची, कामवाल्या ताईंची मुलं येतील, आईवडिलांना घेऊन येतील. आपण निवृत्त मंडळी आळीपाळीने बसू. शिकवता नाही आलं तरी चालेल, नुसतं बसायचं. पोरं एकमेकांना शिकवतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कोणी म्हणेल, वीजबिल? बाहेरची मुलं आत? काही तुटलं तर? हे प्रश्न मीही वर्षभर विचारत बसलो होतो. वीजबिलाचा पहिल्या वर्षाचा खर्च मी देतो. तुटलं तर जबाबदार मी, प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या.

फक्त किल्ली माझ्याकडे देऊ नका. वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!