घर कुणाच्या नावावर?



अध्यक्षानं सुरुवातीला आपली अपात्रता सांगायची आपल्याकडे प्रथा आहे. ती मी पाळली असं समजा आणि मला थेट विषयाकडे जाऊ द्या.

अभिजात कादंबऱ्या आणि परक्या मातीत झालेली त्यांची चित्रपट-रूपांतरं या विषयावर या परिषदेत जे निबंध वाचले गेले, त्यांत नृत्य, पोशाख, भाषा आणि नायिकांची बंडखोरी यांवर भरपूर चर्चा झाली. लग्नावरही झाली. पैशावर फार थोडी झाली, म्हणून मी पैशावर बोलणार आहे. जेन ऑस्टिनची याला हरकत नसती. तिच्या कादंबऱ्यांत पात्र दारातून आत येण्याआधी त्याचं वार्षिक उत्पन्न आत येतं.

मी निवडलेली जोडी आहे 1811 साली प्रसिद्ध झालेली 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' ही कादंबरी आणि राजीव मेनन यांचा 2000 सालचा तमिळ चित्रपट 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन'. ए. आर. रहमान यांच्या गाण्यांमुळे आणि तब्बू-ऐश्वर्या राय यांच्यामुळे तो अनेकांनी पाहिला आहे. तरीही तो 'गाण्यांचा सिनेमा' म्हणून बाजूला ठेवला जातो. माझ्या मते ऑस्टिनच्या भारतीय रूपांतरांत तिचं मर्म सर्वांत नेमकं याच चित्रपटाला सापडलं.

कादंबरी सुरू होते ती प्रेमानं नव्हे, मृत्युपत्रानं. नॉरलंड इस्टेटीच्या म्हाताऱ्या मालकाची सेवा पुतण्या हेन्री डॅशवुड, त्याची बायको आणि तीन मुली वर्षानुवर्षं करतात. म्हातारा मरतो तेव्हा कळतं, की इस्टेट अशी बांधून ठेवली आहे की ती शेवटी हेन्रीच्या पहिल्या बायकोच्या मुलाकडे, जॉनकडे, आणि पुढे त्याच्या चार वर्षांच्या पोराकडे जाईल. का, तर ते पोर बोबडं बोलून म्हाताऱ्याचं मन रमवायचं. सेवा करणाऱ्या मुलींना प्रत्येकी हजार पौंड. वर्षभरात हेन्रीही जातो आणि त्याची विधवा बायको नि तीन मुली आपल्याच घरात पाहुण्या होतात. चौघींचं उत्पन्न वर्षाला 500 पौंड.

आणि मग येतं दुसरं प्रकरण. जॉननं मरणाऱ्या वडिलांना वचन दिलेलं असतं, की सावत्र आई आणि बहिणींना सांभाळेन. तो ठरवतो, बहिणींना तीन हजार पौंड द्यायचे. त्याची बायको फॅनी आवाज न चढवता, नवऱ्याच्या चांगुलपणाचं कौतुक करत करत हा आकडा खाली आणते. आधी निम्मा होतो. मग जॉनला सुचतं, सावत्र आईला वर्षाला शंभर पौंड द्यावेत. त्यावर फॅनीचा अनुभव असा, की वर्षासन बांधून दिलं की माणसं मरतच नाहीत. मग अधूनमधून पन्नास पौंड. शेवटी उरतं ते सामान हलवायला मदत आणि हंगामात थोडी मासळी नि शिकार पाठवणं. एवढं झाल्यावरही फॅनीच्या मनातून सासूच्या चिनी मातीच्या न्याहारीच्या भांड्यांचा संच जात नाही; तो आपल्या संचापेक्षा देखणा आहे, हे तिला खुपतं. वाटणीच्या वेळी भांड्याकुंड्यांवरून काय काय होतं, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

हे प्रकरण मी पुढची सगळी प्रेमप्रकरणं समजून घेण्याची किल्ली मानतो. थोरल्या एलिनॉरचा संयम आणि तिच्या पाठच्या मेरियनची भावविवशता हे निव्वळ दोन स्वभाव नाहीत. बेघर झालेल्या दोन मुलींचे ते जगण्याचे दोन मार्ग आहेत. विलोबी मेरियनला सोडून पन्नास हजार पौंडांच्या मिस ग्रेशी लग्न करतो, ते याच हिशेबातून. एडवर्ड आणि एलिनॉर एकमेकांवर मनापासून प्रेम करतात, पण वर्षाला 350 पौंडांत संसार भागेल असं समजण्याइतके ते प्रेमात बुडालेले नाहीत, हे ऑस्टिन कोरडेपणानं नोंदवते. एडवर्डच्या आईकडून दहा हजार पौंड सुटतात, तेव्हा कुठं गाडी पुढे सरकते.

राजीव मेनन यांनी ही किल्ली हरवली नाही. चेट्टिनाडमधला प्रचंड वाडा, अंथरुणाला खिळलेले आजोबा, त्यांची सेवा करणारी मुलगी आणि नाती. आजोबा जातात आणि मृत्युपत्र निघतं: सगळं मुलाच्या नावावर. कारण या मुलीनं एकेकाळी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं होतं. बोबड्या बोलांच्या जागी बापाचा राग आला. इंग्लंडच्या जमीनदारी कायद्याचा एकही शब्द न उच्चारता तीच बेघर अवस्था तमिळ घरात उभी राहिली. मामी घरात येते, किल्ल्या तिच्या हाती जातात आणि या बायका चेन्नईची वाट धरतात.

इथून पुढे चित्रपट कादंबरीपासून फारकत घेतो आणि मला तीच जागा सर्वांत मोलाची वाटते. थोरली सौम्या नोकरी शोधते. सॉफ्टवेअर कंपनीत टेलिफोनवर बसते आणि पुढे प्रोग्रॅमर होते. धाकटी मीनाक्षी पार्श्वगायिका होते. एलिनॉरला ही वाटच नव्हती. तिच्या वर्गातल्या मुलीनं पगार घेणं म्हणजे तो वर्ग सोडणं. त्यामुळे सौम्या जेव्हा तिच्यावर प्रेम करणाऱ्या मनोहरची वाट पाहते, तेव्हा ती फक्त माणसाची वाट पाहत असते. एलिनॉर माणसाबरोबर छपराचीही वाट पाहत होती. मीनाक्षीच्या प्रियकराची, श्रीकांतची, फायनान्स कंपनी बुडते आणि ठेवीदारांचे पैसे फेडण्यासाठी तो मंत्र्याच्या मुलीशी लग्न ठरवतो. विलोबीचं याहून चोख देशी रूप मला दुसरं सुचत नाही.

एक गोष्ट मात्र चित्रपटात नव्यानं शिरली. सौम्याच्या ठरलेल्या नवऱ्यानं अमेरिकेत आत्महत्या केली, म्हणून ती पांढऱ्या पायाची ठरते. ऑस्टिनच्या नायिकांना गरिबी आडवी येते. आपल्या नायिकेला गरिबीच्या आधीच अपशकुन आडवा येतो.

आता 'ब्राइड अँड प्रेज्युडिस'. गुरिंदर चढ्ढा यांचा हा 2004 सालचा चित्रपट 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वर बेतलेला. बेनेट अमृतसरचे बक्षी झाले, डार्सी अमेरिकन हॉटेलवाला झाला. गोव्यात हॉटेल घेण्याच्या त्याच्या बेतावरून बक्षींची मुलगी ललिता त्याच्याशी भांडते, तो प्रसंग चांगला आहे. पण मूळ कादंबरीत वडिलांच्या माघारी घर नात्यातल्या कॉलिन्सकडे जाणार आहे, ही टांगती तलवार पाचही मुलींच्या डोक्यावर आहे. बक्षींच्या घरावर अशी कुणाची नजर नाही. त्यामुळे वर्गातलं अंतर देशांमधलं अंतर झालं, डार्सीचा अहंकार म्हणजे अमेरिकेचा अहंकार झाला, आणि भांडण सोपं झालं. कॉलिन्सच्या जागी ग्रीन कार्डवाला कोहली आला. नव्वदच्या दशकातल्या मराठी वधुपित्यांना हा कोहली ओळखीचा वाटेल. आपल्या सोनाली कुलकर्णीनं साकारलेली चंद्रा त्याच्याशी खुशीनं लग्न करते. कादंबरीत कॉलिन्सशी लग्न करणाऱ्या शार्लट लुकसचं सत्तावीस वर्षांचं वय आणि रिकामी झोळी या व्यवहारामागे होती. चंद्राच्या मागे तसलं काही ओझं जाणवत नाही.

तरी या चित्रपटाला एका बदलाचं श्रेय द्यायलाच हवं. कादंबरीत धाकटी बहीण लिडिया विकमबरोबर पळते तेव्हा डार्सी त्याची कर्जं फेडून, वर पैसे मोजून, त्या लबाडाशीच तिचं लग्न लावून देतो. घराण्याची अब्रू वाचवायला दुसरा उपायच नाही. चित्रपटातली लाखी विकमच्या थोबाडीत देते आणि घरी परत येते. कुणी तिचं लग्न त्याच्याशी लावत नाही. दोनशे वर्षांत काय बदललं, ते या एका थपडेत दिसतं.

'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'तली मेरियन आणि शेवटी तिच्याशी लग्न करणारा ब्रँडन यांच्याबद्दल माझं मन अजून स्वच्छ नाही. सतरा वर्षांची मुलगी, पस्तिशीचा कर्नल. 1899 साली रंगभूमीवर आलेल्या देवलांच्या 'शारदे'वर वाढलेल्या मराठी वाचकाला हे लग्न सहज पचू नये. ब्रँडन त्या नाटकातला म्हातारा नवरदेव भुजंगनाथ नाही, भला माणूस आहे, हे मान्य. पण मेरियनचं आजारातून उठणं आणि त्याच्या स्वाधीन होणं यांत ऑस्टिन घाई करते. तमिळ चित्रपटानं त्याला युद्धात पाय गमावलेला सैनिक केलं आणि मामुट्टींनी तो इतका जिवंत केला, की मीनाक्षीची निवड खरोखर निवड वाटते.

आता आपल्याकडे येतो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क तमिळनाडूनं 1989 मध्ये आणि महाराष्ट्रानं 1994 मध्ये दिला. पण तोवर लग्न झालेल्या मुली दोन्हीकडे वगळल्या होत्या. म्हणजे कायदाही मुलीला आधी विचारत होता, तुझं लग्न झालंय का? ही अट 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं गेली. मृत्युपत्राची वाट मात्र मोकळीच राहिली. चित्रपटातल्या आजोबांनी तीच धरली. आणि आपल्या गावोगावच्या बहिणी भावाच्या नावानं हक्कसोडपत्रावर सही करतात, कारण माहेर तुटायला नको. फॅनीला निदान वाद घालावा लागला. आपल्याकडे तेवढीही तसदी पडत नाही.

म्हणून माझी प्राध्यापक मित्रांना एक विनंती आहे. ऑस्टिन शिकवताना 'विवेक विरुद्ध भावना' हा ठरलेला प्रश्न एक वर्ष बाजूला ठेवा. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'चं दुसरं प्रकरण वर्गात मोठ्यानं वाचा, सोबत एक सातबारा आणि एक हक्कसोडपत्र न्या, आणि विद्यार्थिनींना त्यावरची नावं वाचायला सांगा. सभागृहात चित्रपट लिहिणारे तरुणही आहेत. त्यांनी ऑस्टिन मराठीत आणायचं ठरवलं, तर पटकथेचा पहिला प्रसंग तलाठी कार्यालयात घ्यावा. मी तिकीट काढून पाहायला येईन.