आधी खूण, मग पेचकस

दसऱ्याच्या आधीची साफसफाई निघाली की कपाटाच्या वरच्या खणातून जुना कॅमेरा खाली येतो. कुणीतरी लेन्स उजेडाकडे धरतं आणि आत पांढुरक्या मुळ्या पसरलेल्या दिसतात. बुरशी. मग विचारणा सुरू होते. कशानं पुसू? स्पिरिट चालेल का? पेरॉक्साइड कुठलं आणू? पुसण्याबद्दल सगळे विचारतात, खुणेबद्दल एकही माणूस विचारत नाही. म्हणून आज मी खुणेबद्दलच बोलणार आहे. पुसण्याला वेळ उरला तर बघू.

उदाहरणाला हेलिऑस ४४-२ घेऊ. रशियन झेनिटबरोबर यायची ती, ५८ मिलिमीटरची, एफ २. बायोटार या जर्मन लेन्सच्या धर्तीवर बेतलेली. तिच्यात सहा भिंगं आहेत. पुढे एक सुटं, मग एक चिकटवलेली जोडी, मध्ये अपर्चरची पाती, पुन्हा एक जोडी आणि शेवटी एक सुटं. बुरशीची आवडती जागा म्हणजे पात्यांच्या अलीकडची आणि पलीकडची काच. वर्षानुवर्षं वंगण उडून तिथं ओशट थर बसलेला असतो. त्यात मुंबई-कोकणातला जुलै, वर बंद कपाटाचा अंधार. बुरशीला आणखी काय हवं? सांगायचा मुद्दा, तुम्हाला पुढूनही शिरावं लागणार आणि मागूनही.

शिरण्याआधी एक करा. अपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च धरा आणि तिरकं बघा. मुळ्यांसारख्या रेघा फुटलेल्या दिसल्या तर बुरशी. सगळीकडे सारखा धुरकटपणा असेल तर ते नुसतं किटण. आणि काठाशी तेलाच्या तवंगासारखे रंग दिसले, तर जोडी चिकटवणारं बाल्सम सुटलंय. तसं असेल तर लेन्स गुमान जाणत्या माणसाकडे द्या. जोडी घरी सोडवायची नसते.

आता खूण. घरी गणपतीला लाकडी मखर असेल त्यांना माझं म्हणणं लगेच कळेल. मखराच्या पट्ट्यांवर मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं असतं, 'डावी मागची', 'वरची तीन'. हे लिहिलं कधी जातं? मखर उभारताना नाही. विसर्जन करून सगळे दमून घरी आलेले असतात, कुणाचं कशात लक्ष नसतं, तेव्हा घरातला एखादा चिकट माणूस पेन्सिल शोधत बसतो आणि पट्टी सोडवण्याआधी तिच्यावर लिहितो. बाकीचे त्याला हसतात. पुढच्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या रात्री त्याच्याच जिवावर मखर उभं राहतं. ज्या घरात असा माणूस नाही, तिथं सगळ्या पट्ट्या बसतात, तरी मखर एका अंगाला कलतं आणि एक पट्टी हातात उरते. ही जास्तीचीच होती, असं म्हणून ती माळ्यावर जाते. अहो, जास्तीची कशी असेल?

लेन्समध्येही असंच होतं. पुढची रिंग फिरवण्याआधी, म्हणजे हात लावण्याआधीच, तिच्यावरून खालच्या नळीवर जाईल अशी एक बारीक रेघ सुईनं ओढा. पेन्सिलीनं नको, स्पिरिट लागलं की पेन्सिल गेली. फोकसची रिंग इन्फिनिटीला नेऊन तिथं एक रेघ. भिंग निघालं की ते ज्या तोंडानं निघालं त्याच तोंडानं कागदावर ठेवायचं आणि शेजारी लिहायचं, 'वर म्हणजे पुढे'. जोडीची खोलगट बाजू पात्यांकडे असते, तिथं सहसा चूक होत नाही. पण दोन्ही बाजूंनी फुगीर असलेलं सुटं भिंग उलटं बसलं, तर बसताना कळत नाही. ते अगदी आनंदानं बसतं. फोटो काढल्यावर कडा विरघळलेल्या दिसतात आणि मग दोष रशियाला!

तरुण मंडळी मला सांगतात, काका, आम्ही प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो काढतो. काढा की. पण फोटो काढेपर्यंत रिंग अर्धा वेढा फिरलेली असते, त्याचं काय? फोटोत भाग दिसतो, तो कुठे सुटला ते दिसत नाही.

यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे हेलिकॉइड, फोकसचे ते रुंद आटे. खरं तर बुरशीसाठी त्यांना हात लावायची बहुतेक वेळा गरजच नसते, भिंगांचे गट पुढून-मागून निघतात. पण ग्रीस घट्ट झालंय, आता उघडलंच आहे तर तेही करून टाकू, असं वाटतं. हे आटे एका जागी सुरू होत नाहीत, पाच-सहा जागी सुरू होतात. प्रत्येक जागी ते सुरळीत शिरतात, छान फिरतात, आणि त्यातली एकच जागा बरोबर असते. बाकी कुठल्याही जागी बसवलं तर इन्फिनिटीचा पत्ता नाही. पुण्यातून सिंहगडावरचा टॉवर बघा, रिंग शेवटाला टेकते आणि टॉवर अस्पष्ट तो अस्पष्टच. म्हणून आटे सुटतात त्या क्षणी, दोन्ही भागांवर, एकमेकांसमोर, एकेक टिंब. त्या क्षणी म्हणजे त्याच क्षणी. चहा घेऊन आल्यावर नाही. पुन्हा सांगतो, ही खूण सोडवताना करायची असते, बसवताना तिचा शोध लागत नाही.

काही लेन्समध्ये भिंगांच्या गटाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या निघतात. त्या मोजा, लिहून ठेवा आणि सगळ्या परत घाला. उरलेल्या पट्टीचं मघाशी सांगितलंच.

बरं, पुसणं. रिंग घट्ट असेल तर चाकूचं टोक घालून फिरवू नका, स्पॅनर मिळतो. आट्यावर स्पिरिटचा थेंब सोडा आणि थांबा. ॲसिटोन नको, रंग उतरतो आणि बाल्समलाही धोका. एका वेळी एकच भिंग हाताळायचं. आधी ब्लोअरनं धूळ उडवा, नाहीतर तीच धूळ काचेवर घासली जाते. तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तितकाच घरगुती अमोनिया, खिडकी उघडी ठेवून, हातमोजे घालून, उघड्या वाटीत लागेल तेवढंच मिसळायचं. बाटलीत भरून झाकण लावायचं नाही, आत वायू साठतो. आणि अमोनियाजवळ ब्लीच आणायचंच नाही. कापूस भिजवून मिनिट-दोन मिनिटं काचेवर ठेवा, मग मधून काठाकडे हलकेच फिरवा. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या लेन्स असतील तर त्यांचं कोटिंग फार नाजूक असतं, तिथं जोर लावलात तर बुरशीबरोबर कोटिंगही येईल.

एवढं करूनही मुळ्यांच्या जागी फिकट नक्षी राहिली तर घासत बसू नका. बुरशीच्या आम्लानं तेवढी काच खाल्लेली असते, ती पुसून परत येत नाही. सूर्य समोर घेतला तरच तिचा थोडा त्रास होतो, एरवी फोटोत दिसतही नाही.

आता ठेवण्याबद्दल. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी पडले की ते भाजून पुन्हा वापरता येतात. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांची वाफ काचेवर बसते. आणि त्या चामड्याच्या पेट्या, ज्यांच्यावर सगळ्यांचं फार प्रेम असतं, त्यांच्याविषयी मला खरं तर बरंच... चामडं ओल धरून ठेवतं, एवढंच आज. वेळ संपली.