अतिभार आणि अन्नपान
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त इस्लापूर येथे दिलेले भाषण)



आपण बहुतेक व्यापारी. आपल्या पेढीमागे मुनीम, हमाल आणि सालगडी यांचे कष्ट उभे असतात. अहिंसा म्हटली की आपणांस पाणी गाळणे, रात्रिभोजनत्याग आठवतो. परंतु तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांतील शेवटचे दोन, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे आणि वेळेवर खाण्यापिण्यास न देणे, हे मला थेट आपल्या दुकानातले वाटतात. ते बैलांपुरतेच आहेत असे समजून आपण सोयीने सुटका करून घेतो.

पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. त्या विदर्भातील नागपूर येथे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कामगारांची गैरहजेरी ही तेथील मोठी अडचण होती. दंड करणे हा त्या काळचा सोपा उपाय. जमशेटजी आणि व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी निराळा मार्ग धरला. हवा खेळती राहण्याची सोय केली, बक्षिसे ठेवली, कुटुंबांसह खेळांचे कार्यक्रम घेतले. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू केली. अशा भरपाईचा कायदा आपल्या देशात १९२३ साली आला. भविष्यनिर्वाह निधीचा तर १९५२ साली. अर्थात तेथे सर्व काही गोड होते असे नव्हे. मजुरीच्या दरावरून त्याच मिलमध्ये १८७७ सालीच संप झाला होता.

मुंबईत मात्र कामगारांनाच मागावे लागले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन दिले. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अशा त्यातील मागण्या. रविवारची सुट्टी मिळावयास १८९० साल उजाडले. अर्ध्या तासाची भाकरी मागण्यासाठी हजारोंनी सह्या कराव्या लागाव्यात, याहून अन्नपाननिरोधाचे स्पष्ट उदाहरण कोणते?

आता माझीच गोष्ट सांगतो. बाजाराच्या दिवशी ऐन दुपारी माझे हमाल निघून जात. मी रागाने त्यांची हजेरी कापू लागलो. त्याच वर्षी पर्युषणात माझी अठ्ठाई चालू होती. लोक अनुमोदनेस येत होते. एके दिवशी मी एका वयस्क हमालास कारण विचारले. तो संकोचून म्हणाला, "शेठ, भाकर खायाला इथं सावली न्हाई. स्टेशनाकडच्या झाडाखाली जातो आम्ही." दहा वर्षे तो माझे पोते उचलत होता, आणि हा प्रश्न मी त्याला प्रथमच विचारला होता.

दुकानामागे पत्र्याची शेड घातली, पाण्याचा रांजण ठेवला. क्षमापनेच्या दिवशी नातलगांकडे जाण्यापूर्वी मी त्या हमालांची कापलेली हजेरी परत केली.