ओटीची यादी

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रेल्वेतला डिप्लोमावाला माणूस. मला ड्रॉइंग वाचता येते, भाषण करता येत नाही. पण चिटणीसांचा आग्रह मोडवेना, म्हणून आमच्या न्यू टाउनच्या फ्लॅटमध्ये गेल्या वैशाखात झालेल्या डोहाळजेवणाबद्दल दोन शब्द सांगतो.

आमच्या साइटवरचा एक तरुण सहकारी अकोल्याचा. त्याच्या पत्नीला सातवा महिना लागला आणि डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. तेव्हा कार्यक्रम आमच्याकडेच करायचे ठरले. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, गीतांजलीने एकट्या आल्या. (मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना १९७७ साली सुरू झालेली ही गाडी. तेव्हा तिला पहिला वर्गच नव्हता. रेल्वेवाला आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

फुलांचे दागिने आणायचे काम माझ्याकडे होते. शेजारच्या माशीमा म्हणाल्या, "बेलफूल आणा." मी मनात म्हटले, डोहाळजेवणाला बेल कशाला, महादेवाची पूजा थोडीच आहे! पहाटे हावडा पुलाजवळच्या मल्लिकघाटाच्या फूलबाजारात गेलो. "मोगरा" कोणाला कळेना. शेवटी एकाला बेलफूल म्हटले, तर त्याने टोपली पुढे केली. आपला मोगराच तो!

या माशीमा निवृत्त शिक्षिका. आम्ही पुरुष दिवसभर साइटवर, त्यामुळे सूनबाईला तपासणीला नेणे-आणणे त्यांनीच केले. बंगाल्यांत या सोहळ्याला 'साध' म्हणतात, असे त्यांनीच सांगितले. साध म्हणजे इच्छा. म्हणजे आपले डोहाळेच की!

आता मुद्द्याचे. कोणतेही काम यादी करून करायचे, ही माझी सवय. ओटी भरायला पाच सवाष्णींची नावे लिहून मी पत्नीला दाखवली. ती म्हणाली, "यात काकू कुठे आहेत? आणि माशीमा?"

दोघीही विधवा. मी म्हणालो, "अगं, त्यांनाच अवघड वाटेल."

"तुम्ही विचारलंत त्यांना?"

विचारले नव्हते. पत्नीचे माहेर शिरोळ तालुक्यातले. तिथल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने राज्यातल्या बाकी ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितले. हे तिने मला ऐकवले. मी यादी खिशात घातली, पण बदलली नाही. हे कबूल करतो.

कार्यक्रमाच्या दिवशी काकू सकाळपासून स्वयंपाकघरात. हिरवी साडी नेसून, मोगऱ्याने मढलेली सूनबाई आली, पण पाटावर बसेना. "आधी आईंना बोलवा," एवढेच म्हणाली.

मी आत गेलो. काकू पुरणपोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, मी इथंच बरी. माझ्या ट्रंकेत ओटीचं सामान आहे, ते घेऊन जा." ट्रंक उघडली. हिरवा खण, हळकुंडे, सुपाऱ्या, सोललेला नारळ, सगळे जुन्या साडीत नीट बांधलेले. अकोल्याहून एवढ्या लांब ते सांभाळत आणले आणि भरायचे मात्र दुसऱ्यांनी. माझ्या यादीतही तेच लिहिलेले होते. मला तिथे उभे राहवेना.

पत्नीने त्यांच्या हातातले लाटणे काढून घेतले. पदराला हात पुसत काकू बाहेर आल्या आणि तिला म्हणाल्या, "हळदीकुंकू तू लाव, ओटी मी भरते." तांदूळ होते माशीमांनी दिलेले, गोविंदभोग. स्वतः माशीमा मात्र पायसाचे भांडे घेऊन दारातच थबकलेल्या. त्यांना हाताला धरून आत आणले ते काकूंनी. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही.

पेढा-बर्फीच्या वाट्यांचा खेळ राहूनच गेला. सूनबाईने पायस दोनदा मागून घेतले.

पुढे बारशालाही काकूंनी कुंकवाला हात लावला नाही. आम्ही आग्रह केला नाही. पाळण्याची दोरी मात्र त्यांच्याच हातात होती.

एवढेच सांगायचे होते.