मेंदूचा देठ
(मंडळाच्या गणेशोत्सवात तुकोगंज येथे केलेले भाषण)



अवयव घेऊन निघालेल्या रुग्णवाहिकेसाठी आपल्या इंदूरचे रस्ते मोकळे केले जातात. २०१५ पासून हे ‘ग्रीन कॉरिडॉर’ आपल्या परिचयाचे झाले आहेत. पण त्यामागचा प्रश्न आपण घरात काढत नाही. छातीत धडधड चालू असताना माणूस गेला, असे डॉक्टर कसे म्हणतात? आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण मेंदूची रचना थोडी समजून घेतली की उत्तर मिळते.

मेंदूचे ठळक भाग तीन. वरचा मोठा मेंदू. विचार, स्मरण, बोलणे त्याच्याकडे. मागे, खालच्या बाजूला लहान मेंदू. तो तोल सांभाळतो. काठोकाठ भरलेला कप न सांडता नेता येतो, तो त्याच्यामुळे. आणि मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा, अंगठ्याएवढा मस्तिष्कस्तंभ. आम्ही त्याला मेंदूचा देठ म्हणतो. श्वासाचे केंद्र याच देठात असते.

कोमामध्ये देठ जिवंत असतो, म्हणून रुग्ण शुद्धीवर येण्याची आशा असू शकते. देठासकट सगळा मेंदू मेला, तर श्वास पुन्हा कधीच आपोआप सुरू होत नाही. हृदयाचा ठोका मात्र हृदयातच उमटतो. व्हेंटिलेटरने प्राणवायू मिळत राहिला की ते काही काळ चालते. कधी हातपायही हलतात. ती मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया. तापल्या तव्याला लागलेला हात चटका जाणवण्याआधीच मागे येतो, तशीच. नातेवाइकांची आशा नेमकी इथेच जागते, आणि संशयही.

म्हणूनच १९९४ च्या कायद्यात काटेकोर व्यवस्था आहे. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते. डोळ्यांवर उजेड टाकून बाहुल्या आकसतात का, घशाला स्पर्श केल्यावर उबळ येते का, व्हेंटिलेटर बाजूला केल्यावर श्वास येतो का, हे पाहते. त्यानंतरच मेंदूमृत घोषित करतात.

मग घरच्यांना अवयवदानाबद्दल विचारले जाते. आयुष्यातल्या सर्वांत कठीण घटकेला, थोड्याच वेळात उत्तर द्यायचे असते. गेलेल्याची इच्छा ठाऊक असेल, तर ते ओझे निम्मे होते. आपण अर्ज भरून ठेवला असला, तरी तेव्हा घरच्यांनाच विचारतात.

म्हणून एवढीच विनंती. आज रात्री जेवायला एकत्र बसाल, तेव्हा हा विषय काढा. आपले ‘हो’ असो की ‘नाही’, ते मुलांना स्पष्ट सांगा, आणि आई-वडिलांचेही ऐकून घ्या.

गणपती बाप्पा मोरया!